परंपरानिष्ठा आणि वंशद्वेष यांच्यामधली हद्द

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोमंतकात जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीला पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे, लिस्बनच्या संसदेत परकीयांविषयी जे बोलले जाते त्याच्याशी पेडणे महालातल्या कोरगावासारख्या गावाचाही संबंध पोहोचतो. मे २०२५ च्या निवडणुकीत आंद्रे व्हेंतुरा यांचा ‘शेगा’ हा अतिउजवा पक्ष ६० जागा मिळवून तेथील संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. आणि जुलैमध्ये याच नेत्याने, शाळेतील स्थलांतरितांच्या मुलांची नावे, ती पोर्तुगीज वाटत नाहीत म्हणून, भर सभागृहात वाचून दाखविली.

परंपरानिष्ठा म्हणजे काय, हे कोरगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देव कमळेश्वराचा उत्सव वाडवडिलांनी घालून दिलेल्या रीतीने व्हावा, मानकऱ्यांचा मान राखला जावा, शेतजमिनी परक्या धनिकांच्या घशात जाऊ नयेत, असे वाटण्यात गैर काहीच नाही. देशात बाहेरून किती लोकांनी यावे व कोणत्या अटींवर राहावे, हा प्रश्नही सभ्य राजकारणाच्या कक्षेतलाच आहे. मनुष्याच्या आचरणाकडे न पाहता त्याचा जन्म, वर्ण आणि नाव हाच जेव्हा त्याचा अपराध ठरतो, तेव्हा ही कक्षा ओलांडली जाते.

ती हद्द सांभाळण्याचे काम प्रथम परंपरावाद्यांच्याच माथी येते. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषण केले, तेव्हा त्यांच्याच हुजूर पक्षाचे पुढारी एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना छायामंत्रिमंडळातून दूर केले. लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, तरी हा निर्णय कायम राहिला. याउलट २०१७ मध्ये, लिस्बनलगतच्या लोरेस नगरपालिकेच्या निवडणुकीत, जिप्सी लोक सरकारी मदतीवर जगतात व कायदा जुमानत नाहीत, असे विधान व्हेंतुरा यांनी केले. तेव्हा ते मध्यम-उजव्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. सहकारी सीडीएस पक्षाने तत्काळ युती मोडली. त्यांच्या स्वतःच्या पक्षाने मात्र त्यांची उमेदवारी राखली. पुढे २०१९ मध्ये त्यांनी शेगा स्थापन केला, आणि एका जागेपासून सहा वर्षांत तो साठांवर गेला. आज त्यांच्याशी सत्तेची भागीदारी नाकारणारे पंतप्रधान लुईस मोंतेनेग्रो परकीयांचे कायदे कडक करताना मात्र त्यांचीच मते घेतात.

हा विकार आपल्या अंगणापासून दूर आहे, असेही नाही. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग रोखला, आणि त्या क्षोभात गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली हे योग्यच झाले. परंतु कोणी केलेला गुन्हा आणि कोणी केलेला रास्ता रोको यांचा जाब व्यक्तीव्यक्तीला विचारावयाचा असतो, सबंध समाजाला नव्हे, हे भान सत्तेवर असलेल्यालाही किती सहज सुटते, ते त्या प्रसंगाने दाखविले.

विरोधकाने केलेला निषेध पक्षपात म्हणून झटकून टाकता येतो. आपल्याच देवळातल्या, आपल्याच पक्षातल्या वडीलधाऱ्याने केलेली कानउघाडणी तशी झटकता येत नाही. म्हणून ज्याला आपला गाव, आपली रीत आणि आपली भूमी मनापासून प्रिय आहे, त्यानेच तिच्या नावाने पसरविल्या जाणाऱ्या द्वेषाला पहिल्याच शब्दाला, मतांचा हिशेब न करता, उघडपणे अटकाव केला पाहिजे.