डेक्स्ट्रिन ऊर्फ भाजक्या सत्त्वाचा डिंक

होळी उलटून ऊन तापू लागले की खानदेशात घरोघर कुरडयांची धांदल सुरू होते. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, मग ते वाटून, धुऊन, गाळून घ्यावयाचे आणि ते दुधासारखे पाणी रात्रभर निवांत ठेवावयाचे. सकाळी वरची निवळ ओतून टाकली म्हणजे तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला दिसतो. हा चीक म्हणजेच गव्हाचे सत्त्व, ज्यास बाजारात स्टार्च म्हणतात. धुळे जिल्ह्यात मिरचीच्या बाजाराकरिता प्रसिद्ध असलेल्या दोंडाईचा गावी मक्यापासून हेच सत्त्व काढणारा कारखाना आहे. तो चालविणारी युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाईड ही कंपनी १९७३ साली नोंदली गेली. अशा कारखान्यांत मका गंधकाचा वायू मुरविलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजत ठेवतात आणि पुढील कामे यंत्रे करतात. परंतु भिजविणे, भरडणे, धुणे आणि वेगळे करणे हा क्रम स्वयंपाकघरातलाच आहे. गृहिणी चिकापाशी थांबते. कारखानदार मात्र त्याच चिकापासून आणखी एक वस्तू करू शकतो, आणि ती म्हणजे डेक्स्ट्रिन नावाचा डिंक.

ही वस्तू समजून घ्यावयाची तर आधी सत्त्वाचा स्वभाव पाहिला पाहिजे. थंड पाण्यात सत्त्व विरघळत नाही. कितीही ढवळा, हात थांबला की ते तळाशी जाऊन बसते. किंबहुना तसे बसते म्हणूनच चीक निघतो. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापले की मात्र त्याचे कण फुगतात, फुटतात, आणि चीक शिजून चकाकू लागतो. पातळ शिजविला तर तीच पतंगाची खळ. खळ स्वस्त खरी, पण तिच्यात दोन खोडी आहेत. शंभर भाग पाण्यात सत्त्वाचे सात-आठ भाग घातले तरी ती इतकी दाट होते की त्याहून अधिक सत्त्व तिच्यात मावत नाही. म्हणजे चिकटविणारा पदार्थ थोडा आणि वाळवावयाचे पाणीच फार. शिवाय निवल्यावर ती थिजते, तिला पाणी सुटते आणि दुसऱ्या दिवशी ती आंबते.

ह्या खोडी कोरड्या आचेने जातात, हे मनुष्यास कसे कळले ह्याची एक हकीगत सांगतात. १८२१ साली आयर्लंडात डब्लिन येथील एका कापडगिरणीस आग लागली. आग विझविल्यावर कामगारांच्या असे ध्यानात आले की, होरपळून तपकिरी झालेले सत्त्व पाण्यात सहज विरघळते आणि हाताला चिकटते. हकीगत पदरच्या मिठामसाल्यासह आपल्यापर्यंत आली असेल. पण ह्या पदार्थास ‘ब्रिटिश गम’ हे नाव पडले आणि कापड छापणाऱ्यांनी तो उचलून धरला, हे खरे. डेक्स्ट्रिन हे शास्त्रीय नाव १८३३ साली ब्यो आणि पेर्सो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले. लॅटिन भाषेत ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. ध्रुवित प्रकाशाचा किरण ह्या पदार्थाच्या द्रावणातून गेला असता त्याची पातळी उजवीकडे वळते, म्हणून हे नाव.

करावयाची रीत सांगावयास सोपी, साधावयास कठीण. कोरड्या सत्त्वावर आम्लाचा अगदी अल्प अंश फवारतात आणि ते सतत ढवळीत भाजतात. सव्वाशे अंशांच्या आत आच ठेवली तर पांढरे डेक्स्ट्रिन मिळते; ते थंड पाण्यात थोडेबहुतच विरघळते. दीडशेच्या पुढे नेले तर पिवळे होते आणि जवळजवळ सर्व विरघळते. आम्ल न घालता अधिक आचेवर कित्येक तास भाजले तर गडद रंगाचा ब्रिटिश गम तयार होतो. आत घडते ते असे: सत्त्व म्हणजे द्राक्षशर्करेच्या कणांची फार लांब साखळी. उष्णता आणि आम्ल ह्यांनी ती तुटते, आणि तुटलेले तुकडे पुन्हा सरळ न जुळता झाडाच्या फांद्यांप्रमाणे आडवेतिडवे जुळतात. लहान, फांद्याळ तुकडे पाण्यात सुखाने राहतात. एकमेकांस घट्ट धरून थिजत नाहीत. म्हणून पिवळ्या डेक्स्ट्रिनचे पाण्याइतक्याच वजनाचे द्रावण करता येते, आणि तरीही ते ब्रशाने पसरते. वाळवावयाचे पाणी थोडे राहिल्याने ते झटकन पकडते. लिफाफ्याच्या यंत्राला हेच हवे असते. भाकरीच्या पापुद्र्यास किंवा भाजलेल्या पावास जी किंचित गोडी येते तीतही डेक्स्ट्रिनचा वाटा आहे, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.

डिंकाचा उपयोग चिकटविण्यासाठी, हे उघडच आहे. लिफाफे, बाटल्यांवरील चिठ्ठ्या, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि खोकी ह्या सर्वांत डेक्स्ट्रिन वापरतात. फुलबाजीच्या तारेवर दारू धरून ठेवण्यास आणि ओतकामातील वाळूचे गाभे बांधण्यासही ते चालते. पण त्याची खरी करामत कापडात दिसते. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव आणि धुळे ह्या गावांना एकेकाळी कापडगिरण्यांनी ओळख दिली होती. धुळ्यात यंत्रमाग आजही चालतात. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर घर्षणाने ते तुटते. तेथे साधे किंवा थोडे पातळ केलेले सत्त्व पुरते. छपाईत मात्र रंग घट्ट करून एका जागी धरून ठेवणारा आणि काम झाल्यावर पाण्याबरोबर निमूट निघून जाणारा पदार्थ लागतो. विरघळण्याचा जो गुण भट्टीत मिळाला तोच येथे कामी येतो.

आणि तोच गुण दोषही ठरतो. पावसाळ्यात कपाटातील कोरे लिफाफे आपोआप मिटून बसतात, ते दमट हवेतले पाणी डिंकाने ओढून घेतल्यामुळे. ह्याउलट जळगावच्या वैशाखात पारा पंचेचाळीसकडे झुकला की डेक्स्ट्रिनचा थर कोरडा ठणठणीत होऊन तडकतो, आणि बरणीवरची चिठ्ठी खाली पडते. त्यावर उपाय म्हणून कारखानदार थोडे ग्लिसरीन किंवा ग्लुकोज मिसळतात. चिकटपणा वाढविण्यासाठी टाकणखारही घालतात. शुद्ध डेक्स्ट्रिन पोटात गेल्याने अपाय नसला तरी टाकणखार हा खाण्याचा पदार्थ नव्हे. लिफाफा जिभेने ओला करण्याची सवय मुलांना लागू न दिलेली बरी. पाण्याचे एक बोट पुरते.

आता जुन्या कागदांविषयी. प्रत्येक घरात एखादे खरेदीखत, आजोबांची पत्रे, हस्तलिखित पोथी असतेच. धुळे शहरात तर राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर ह्या संस्थांनी शेकडो वर्षांची हस्तलिखिते सांभाळली आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले तेही धुळ्यातच. असा कागद फाटला की घरातील उत्साही मंडळी पारदर्शक चिकटपट्टी लावतात. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, तिचा पिवळा डाग मात्र कागदात कायमचा मुरतो. शाळेच्या दप्तरातला पांढरा गोंदही येथे नको. तो एकदा वाळला की सोडविता सोडवत नाही. डेक्स्ट्रिन पाण्याने सुटते, त्यामुळे ते निर्धोक वाटते. परंतु त्यात आम्लाचा अंश राहून गेला असेल तर कागद कालांतराने पिवळा आणि ठिसूळ होतो. कागदांच्या जतनाचे काम करणारे लोक म्हणून शुद्ध गव्हाचे सत्त्व शिजवून केलेली ताजी, पातळ खळच पसंत करतात. गव्हाचे पीठ नव्हे. पिठातील चिकट भाग निघून गेलेला असावा लागतो. पूर्वी पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालीत, कारण झुरळे आणि कसर ह्यांना खळ फार प्रिय. मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही मानवत नाही. त्यापेक्षा कपाट कोरडे ठेवणे आणि पुस्तके अधूनमधून झाडणे चांगले.

हाती आलेला डिंक कोणता, हे पाहण्याची एक घरगुती परीक्षा आहे. तो थोड्या पाण्यात विरघळवून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. सत्त्व असेल तर गर्द निळा रंग येतो; डेक्स्ट्रिनने जांभळट किंवा तांबूस; आणि सत्त्व जितके अधिक भाजले असेल तितकी निळी झाक कमी. बाभळीचा किंवा धावड्याचा खरा डिंक ह्यांपैकी कोणताच रंग दाखवीत नाही, थेंब आपल्या पिवळट रंगाचाच राहतो. परीक्षा झाल्यावर तो नमुना फेकून द्यावा.