लोकर, ओल आणि वजन : विणकाम गटांची घरगुती साठवण

रत्नागिरी जिल्ह्यात स्वेटर अंगावर चढविण्याचे दिवस थोडेच. तथापि तान्ह्या मुलांची टोपडी, पायमोजे, दारावरची तोरणे आणि घाटावर विक्रीस पाठवावयाचे स्वेटर विणणे हा महिला मंडळांना व बचत गटांना सोयीचा जोडधंदा आहे. भाताची लावणी उरकल्यापासून कापणीपर्यंत भगिनींना जी थोडी उसंत मिळते, तीत हे काम होऊ शकते. मालाला मागणी मात्र थंडीच्या तोंडावर येते. म्हणजे गटाचे भांडवल लोकरीच्या रूपाने नेमके पावसाळ्यात घरात पडून राहते. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

लोकर हवेतील बाष्प शोषून घेते. अतिदमट हवेत ती आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल धरू शकते, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. साहजिकच मे महिन्यात मोजलेली एक किलो लोकर जुलैत उघड्यावर राहिली तर तिचे वजन ५० ग्रॅमने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. गटात लोकर वजनावर दिली जाते व तयार कपडा वजनावर परत घेतला जातो. दमट दिवशी दिलेल्या लोकरीचा कपडा दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत परत आला, तर तो वजनात कमी भरतो आणि विणणाऱ्या भगिनीवर विनाकारण संशय येतो. गटाला हा संशय कसरीपेक्षा अधिक महाग पडतो. ॲक्रिलिकचा धागा ओल फारच कमी शोषतो; त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

यावरील उपाय खर्चाचा नाही. पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, धार लागू नये म्हणून कडा दुमडून, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावा. आत जुन्या सुती लुगड्याचे अस्तर घालावे. लोकर मे महिन्यातच भरावी, आणि तीही डबा थंड झाल्यावर. दमट लोकर घट्ट झाकणाखाली कोंडली तर ओल आतच राहून बुरशी येते. ओल शोषण्यासाठी चुन्याची पुरचुंडी मात्र ठेवू नये; चुन्यासारख्या क्षारधर्मी पदार्थाने लोकर कमकुवत होते. नदीकाठच्या गावांत डबे माळ्यावरच ठेवणे इष्ट. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये शिरलेल्या पुराचे पाणी लक्षात घेता यास अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

कसरीच्या अळ्या लोकर खातात, ॲक्रिलिक खात नाहीत. घामाचे वा अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना विशेष प्रिय. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत जुनी आहे, परंतु केवळ त्यावर विसंबू नये. उघडीप मिळताच लडी उन्हात पसरून झटकाव्यात.

सुयांसाठी बांबूची नळी उत्तम. पेराच्या खाली कापल्यास तिला तळ आपोआप मिळतो. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात भिजवून वाळविल्यास त्यातील पिष्टमय अंश कमी होतो व भुंगा सहसा लागत नाही. प्रत्येक नंबराच्या सुयांना वेगळी नळी ठेवून तिच्यावर आतील सुयांइतक्या खाचा पाडाव्यात. एखादी सुई कमी असल्यास ती मोजताच कळते. क्रोशाच्या पोलादी सुयांना गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवू नये, कारण ते पुढे लोकरीला लागते. मेणबत्ती घासून कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

नारळाच्या करवंट्या तर घरोघरी असतात. दोन भाग काचकागदाने आतून गुळगुळीत करावेत, मऊ डोळा मोकळा करावा, आत लहान गुंडा ठेवून दोन्ही भाग दोरीने बांधावेत. धागा डोळ्यातून सुटत राहतो आणि गुंडा सारवलेल्या जमिनीवर लोळत नाही.

गटाच्या साठा नोंदवहीत वजनाबरोबरच तारीख, गुंड्यांची संख्या आणि रंगाच्या खेपेचा क्रमांक लिहावा. एकाच रंगाच्या दोन खेपांत छटेचा फरक पडतो व तो कपडा पूर्ण झाल्यावरच दिसतो. शक्य तेथे लोकर वजनाऐवजी न फोडलेल्या गुंड्यांच्या संख्येवर द्यावी. अर्धा उरलेला गुंडा परत आल्यास तो दोन दिवस इतर लोकरीसोबत डब्यात ठेवून मग तोलावा, आणि तोलताना तो परत करणारी भगिनी समोर असावी.