सुरत साफ झाली, प्लेग मात्र विसरला

जानेवारी २०२४ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात सुरतनं इंदूरच्या बरोबरीनं पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा इथं आयुष्य काढलेल्या आम्हा मराठी माणसांनाही अभिमान वाटला. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेतल्या १९९४ च्या प्लेगला तीस वर्षं झाली. त्या निमित्तानं कानावर आलं ते मात्र मनाला लागलं. कुणी म्हणालं, प्लेग आला म्हणून तर शहर सुधारलं. कुणी म्हणालं, तो प्लेग नव्हताच, नुसती घबराट होती. ज्या साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली, तिची आठवण अशी दोन वाक्यांत गुंडाळलेली मला मान्य नाही.

प्लेगचा जुना इतिहास मराठी घरांना ठाऊक आहे. १८९६ ची मुंबई, १८९७ चं पुणं, रॅंडचा जुलूम, चापेकर बंधू, रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई. गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी आजी सांगायची. १९६६ नंतर देशात माणसांमधल्या प्लेगची नोंदच झाली नाही आणि तो पुस्तकातला आजार झाला.

माझी पिढी होरपळली ती नव्वदच्या दशकात. खानदेशातली पोरं ताप्तीलाइनच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून सुरतेत उतरायची आणि लूमच्या कारखान्यात लागायची. एकाच खोलीत दिवसपाळीची माणसं उठली की रात्रपाळीची झोपायची. डिसेंबर १९९२ च्या दंगलींनी शहर जाळलं, त्यातून सावरतो न सावरतो तोच १९९४ चा पावसाळा आला. तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी शिरलं, ओसरताना चिखल आणि मेलेली जनावरं मागे ठेवून गेलं. इकडे ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडल्याच्या आणि माणसांना गाठी आल्याच्या बातम्या येत होत्या. बीडचं सुरतेत कुणी मनावर घेतलं नाही.

गणपती विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच वेड रोड आणि कतारगामच्या बाजूनं खबर आली: धडधाकट माणसं तापानं पडतात, खोकल्यातून रक्त जातं आणि एक-दोन दिवसांत संपतात. हा फुप्फुसाचा प्लेग होता. पुढच्या काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्लेगवरचं औषध टेट्रासायक्लीन सुरतेतच काय, मुंबई-दिल्लीतही मिळेना. रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून इस्पितळाला जवानांचा पहारा बसला. अनेक देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली.

त्या दिवसांचे काही हिशेब माझ्या मनात अजून मिटलेले नाहीत. आमच्या भागातल्या एका खासगी डॉक्टरनं दवाखान्याला कुलूप लावलं आणि सर्वांच्या आधी गाव गाठलं. वर्षानुवर्षं त्याच्याकडे जाणारे लोक बंद शटरसमोर उभे राहिले. दुकानदारानं गोळ्या दामदुप्पट भावानं विकल्या. गावी पोचलेल्यांना घरात न घेता मळ्यातल्या खोलीत उतरवलं. त्यांचं भय मला कळतं, कारण त्यांना आजाराची नीट माहिती देणारंच कुणी नव्हतं. मुंबई-दिल्लीत बसून ‘हा प्लेग नाहीच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या शहाण्यांचं वागणं मात्र मला आजही कळत नाही. साथीची चौकशी करणाऱ्या डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीनं १९९५ मध्ये प्लेगचंच निदान दिलं. पुढे सुरत आणि बीडच्या नमुन्यांतल्या जीवाणूंची जनुकीय तपासणी झाली, २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही त्यावर शिक्कामोर्तब केलं. शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी हे वाचलं?

प्लेगचा हा जीवाणू माणसाला कसा मारतो, हे नेमकं साथीच्याच वर्षी उलगडत होतं. अलेक्झांडर येर्सिननं हाँगकाँगमध्ये तो शोधला १८९४ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, १९९४ मध्ये, स्वीडनमधल्या उमेओच्या हान्स वोल्फ-वाट्झ आणि सहकाऱ्यांनी, प्लेगचा जीवाणू ज्याच्यापासून उत्क्रांत झाला त्या भाऊबंदावर प्रयोग करून दाखवलं की हा जीवाणू आपलं विष रक्तात सोडून देत नाही. तो आधी पेशीला चिकटतो. चिकटल्यावरच त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म, इंजेक्शनच्या सुईसारख्या नळीतून विषारी प्रथिनं थेट पेशीच्या आत जातात.

प्लेगच्या जीवाणूत चिकटण्याचं काम ‘एल’ नावाचं प्रथिन करतं. आत गेलेल्या प्रथिनांपैकी एक पेशीचा सांगाडा ढासळवतं, दुसरं जीवाणू गिळण्याची तिची ताकद काढून घेतं, तिसरं धोक्याचा संदेश दाबून टाकतं. जीवाणूचं मुख्य लक्ष्य असतात जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी. शिवाय शरीराच्या उष्णतेत जीवाणू अंगाभोवती एक आवरण चढवतो, त्यामुळे त्याला गिळणं आणखी अवघड होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की फुप्फुसात जीवाणू भराभर वाढत असतानाही पहिला दीड दिवस शरीर जवळजवळ गप्प असतं. मग एकदम दाह भडकतो आणि जीवाणूच्या भिंतीतल्या विषानं रक्तदाब कोसळतो. वेड रोडवर कालपर्यंत धडधाकट दिसणारी माणसं एवढ्या झपाट्यानं का गेली, याचं उत्तर इथं आहे. ताप दिसतो तोवर अर्धी लढाई हरलेली असते. लक्षणं दिसल्यापासून चोवीस तासांत योग्य प्रतिजैविक मिळालं तर माणूस वाचतो, उशीर झाला की बहुधा जातो.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकारी सकाळी रस्त्यावर उतरले, रस्ते रुंद झाले, कचरा रोज उचलला जाऊ लागला आणि १९९६ मध्ये सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. रावांचं ऋण मी मानतो. कचरा गेला की उंदीर कमी होतात, उंदीर कमी झाले की पिसवा कमी होतात. पण फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. तिथं कोंदट खोली आणि उशिरा झालेलं निदान घात करतात. झाडूचा धडा शहरानं घेतला, हा दुसरा धडा घेतलाच नाही.

पुढची वर्षं मी झरझर ओलांडतो. २००६ चा महापूर, दर पावसाळ्यात दक्षिण गुजरातला छळणारा लेप्टोस्पायरोसिस, २०२० च्या कोविड टाळेबंदीत पुन्हा गावाकडे निघालेले कामगार. दर वेळी धावपळ तीच, आणि पाणी ओसरलं की विसरणंही तेच. आजही पाळी बुडू नये म्हणून तापाला मेडिकलमधून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून गिळल्या जातात. त्यानं औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढतात, आणि नेमक्या ज्या आजारात पहिले काही तासच हातात असतात तिथं निदान चुकतं. प्लेग जगातून गेलेला नाही. २०१७ मध्ये मादागास्करमध्ये त्यानं दोनशेहून अधिक बळी घेतले.

म्हणून लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या माझ्या माणसांना माझं सांगणं आहे. तापासोबत खोकला आणि धाप असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जा, मनानं गोळ्या घेऊ नका, खोकणाऱ्याला वेगळं झोपवा, पण त्याला एकटं टाकू नका. आणि मत मागायला दारात येईल त्याला रस्ता-गटारीच्या आधी हे विचारा: माझ्या वस्तीत रात्री कुणाला ताप चढला, तर त्याचं रक्त आणि थुंकी कुठं तपासली जाईल, आणि उत्तर किती तासांत मिळेल?