नवोद्योगी तरुणांस मार्गदर्शन : देणाऱ्यास काय मिळतें ?

नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांस भांडवल हवें, यंत्र हवें, बाजार हवा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जवळ बसून, मोबदल्याची अपेक्षा न धरितां, त्यांचे कागद वाचणारा एखादा वडीलधारा माणूसहि त्यांस हवा असतो. अशा माणसास स्वतःला त्यांतून काय लाभतें, हें आम्ही येथें स्वानुभवावरून सांगणार आहों.

या कामीं प्रवरेकांठचें उदाहरण सर्वश्रुत आहे. सहकारी साखर कारखान्यासाठीं झटणारे विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित शेतकरी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५० सालीं कारखाना सुरू झाला. आम्ही कांहीं पंडित नव्हों; महसुली दप्तरांत जन्म घालविलेले कारकून आहों. तथापि आमच्याहि वांट्यास एक लहानसा प्रसंग आला.

रावेरकडील चार तरुण केळ्यांचे वेफर्स करण्याचा कारखाना काढूं पाहत होते. शेडसाठीं योजिलेली जमीन त्यांपैकीं एकाच्या आजोबांच्या नांवावर होती. आजोबा वारलेले, आणि वारसनोंद झालेली नव्हती. अशा उताऱ्यावर बँक कर्ज देईना. आम्हीं विचारलें, “मुलगे किती, मुली किती ?” तरुण क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “नाना, आत्यांची नांवं घातली तर सगळ्यांच्या सह्या आल्या. दोघी सुरतेला असतात. मुलग्यांच्याच नांवांवर भागणार नाहीं का ?”

हा प्रश्न आमच्या वर्मीं लागला. नोकरींत असतां असे अर्ज आमच्या हातांखालून गेले होते. बहिणींचीं नांवें गाळलीं असावींत असा संशय येऊनहि, अर्जदाराचें प्रतिज्ञापत्र आहे, आपणांस काय, असें म्हणून आम्हीं कागद पुढें सरकविले होते. या खेपेस तसें करवेना. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यान्वयें मुलगीहि मुलाप्रमाणें वारस आहे आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत तिला जन्मतःच हक्क आहे, हें आम्हीं त्यांस सांगितलें. खोट्या वारसयादीवर उभारलेला कारखाना भरभराटीस आला, कीं त्याच दिवशीं तो कोर्टांत उभा राहील, असेंहि बजावलें. तरुण नाराज होऊन गेले. महिनाभर कोणी फिरकलें नाहीं. आपण मदत करावयास गेलों आणि मोडता घातला, असें आम्हांस वाटूं लागलें.

मग एके दिवशीं ते आत्यांना घेऊनच आले. गांव नमुना सहा-क मध्यें सर्व वारसांची नोंद झाली, फेरफाराची नोटीस निघाली, मुदतीअंतीं मंडळ अधिकाऱ्यांनीं फेरफार प्रमाणित केला. शेडची जागा भाड्यानें देण्याच्या दस्तावर सर्वांनीं सह्या केल्या. धाकट्या आत्याबाई उतारा हातांत धरून म्हणाल्या, “वांटणी नको होती हो, नांव हवं होतं.” मागील चुका यानें धुतल्या जात नाहींत, परंतु त्या रात्रीं आम्हांस गाढ झोंप लागली, इतकें खरें.

दुसरा लाभ शिक्षणाचा. शेतसाऱ्याचा हिशेब आम्हांस तोंडपाठ. पण सालें गेल्यावर उरलेल्या गरावर तेल, इंधन, पुडी व मजुरी चढवून किलोचा खर्च कसा काढावा, हें त्या मुलांनीं आम्हांस शिकविलें. आम्ही मोठ्या यंत्राचा आग्रह धरीत होतों. त्यांनीं तो मानला नाहीं, आणि तेंच बरें झालें. तेव्हांपासून आम्हीं चार नियम केले आहेत : प्रश्न विचारावे, निर्णय त्यांच्यावर सोडावा, जामीन राहूं नये, आणि भागीदारी मागूं नये.

२००२ च्या दुरुस्तीनें शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आले कीं पुरे, आणि व्यक्तिसभासदांच्या कंपनींत भाग कितीहि असले तरी प्रत्येकास मत एकच. शिरपूर-साक्रीपासून चोपडें-यावलपर्यंत असे उद्योग काढूं पाहणाऱ्या तरुणांस कागदपत्रें व हिशेब यांतच ठेंच लागते. निवृत्त शिक्षक, तलाठी व बँकेंतील मंडळी यांनीं आठवड्यास दोन तास त्यांस द्यावे, अशी आमची विनंति आहे. देणाऱ्याची झोळीहि यांत रिकामी राहत नाहीं.