एका आडव्या रेघेची किंमत

कळंब तालुक्यातील एका गुरुजींनी मागे मला एक इंग्रजी अर्ज दाखविला. नेमणुकीच्या करारपत्रावर पुन्हा सही करावयास केव्हा येऊ, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. पुन्हा सही करणे म्हणजे ‘री-साइन’. गुरुजींनी मधली आडवी रेघ गाळली. अक्षरे तीच राहिली, पण शब्द झाला ‘रिझाइन’, म्हणजे राजीनामा देणे! कचेरीतून राजीनाम्याचे कारण विचारणारे पत्र आले आणि खुलासा करता करता गुरुजींना दोन हेलपाटे पडले.

ही रेघ म्हणजे हायफन, आपले संयोगचिन्ह. मोडी लिहिणाऱ्या आपल्या वाडवडिलांना त्याची गरज नव्हती. ते शब्दसुद्धा सलग लिहीत. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजविली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी. आज आपण ‘धाराशिव-तुळजापूर रस्ता’ असे सहज लिहितो. मराठीत ही रेघ राहिली तरी अर्थ सहसा बिघडत नाही. इंग्रजीत मात्र बिघडतो.

मुख्य नियम असा: दोन-तीन शब्द मिळून पुढल्या नामाचे एकच विशेषण झाले, की ते हायफनने जोडावेत. ‘फाइव्ह-इयर प्लॅन’ म्हणजे पंचवार्षिक योजना. येथे ‘इयर’ला ‘एस’ लागत नाही. पण ‘द प्लॅन इज फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटले, की रेघ गेली आणि ‘एस’ आला. गाडी ओढायची तेव्हाच बैलांच्या मानेवर जू. दावणीला आले की ते उतरवायचे, तसेच हे.

आता पैशाचा हिशेब पाहा. ‘ट्वेंटी फाइव्ह-रुपी नोट्स’ म्हणजे पाचाच्या २० नोटा, १०० रुपये. रेघ एक शब्द मागे सरकवून ‘ट्वेंटी-फाइव्ह रुपी नोट्स’ लिहा. झाल्या रुपयाच्या २५ नोटा. ७५ रुपये गेले कुठे?

एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतचे जोडअंक अक्षरी लिहिताना हायफन द्यावाच. ‘न्यूली बिल्ट स्कूल’ यात मात्र तो नको. ‘न्यूली’सारखे ‘एल-वाय’ने संपणारे क्रियाविशेषण जोडणीवाचून पुढल्या शब्दाला धरून असते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, नोटांची ही दोन उदाहरणे फळ्यावर लिहा आणि मुलांना मोठ्याने वाचू द्या. हायफन कानाला ऐकू येत नाही, पण कुठे थांबायचे ते तो सांगतो. आणि आपला अर्जही धाडण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावा. ‘री-साइन’च्या जागी ‘रिझाइन’ वाचले गेले, तर चूक घरच्या घरीच सापडेल.