इद्दतीचे चार महिने दहा दिवस, दाव्याचे सहा महिने

रस्ता अपघातात घरचा कमावता माणूस गेला की जनाजा, दफन, पाहुण्यांची ये-जा यात पहिले चाळीस दिवस कसे जातात ते कळत नाही. नुकसानभरपाईचा विषय कुणी काढलाच तर घरातले एखादे वडीलधारे म्हणतात, "आत्ता नको. मुलीची इद्दत तरी होऊ द्या." या बोलण्यामागची माया आम्हाला समजते, पण कायदा थांबत नाही.

१९९४ पासून अशा दाव्याला मुदतच नव्हती, म्हणून "दावा कधीही लावता येतो" हा जुन्या माणसांचा सल्ला तेव्हा खराच होता. मात्र मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तरी त्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. म्हणजे ती संपल्यावर हातात जेमतेम पावणेदोन महिने उरतात. बाई गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत चालते, आणि सहा महिने इद्दतीतच उलटू शकतात.

यासाठी तिला इद्दतीत कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावण्याची गरज नाही. वारसांनी अधिकार दिलेला माणूस त्यांच्या वतीने अर्ज करू शकतो, असे कलम १६६ मध्येच आहे. वकीलपत्रावर सही घरी बसून होते. धावपळ दिराने किंवा भावाने करावी: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाच्या विम्याची प्रत, वयाचा दाखला, कमाईचा पुरावा. अपघात पनवेलला झाला आणि घर सोलापूरला असेल, तर दावा सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो.

आता रकमेचे पाहू, कारण खरी फसगत इथेच होते. चूक कुणाची हे न बघता कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. दुःखात बुडालेल्या घराला ५ लाख मोठे वाटतात. पण तडजोडीच्या ठरलेल्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. त्या दाव्यात समोरच्या वाहनाची चूक दाखवावी लागते. ती दाखवता आली तर हिशेब निराळाच निघतो. समजा मरहूम ३२ वर्षांचे होते, स्वतःचा फळांचा गाडा होता आणि महिन्याला १५ हजार मिळत. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे : २ लाख ५२ हजार. मागे बायको, दोन मुले, आई असे चौघे असतील, तर मरहूमच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १ लाख ८९ हजार. या वयासाठी २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६. गुणाकार येतो ३० लाख २४ हजार. दफनखर्च वगैरेच्या रकमा आणखी वेगळ्या. हे गणित घरातली दहावी झालेली मुलगीही मांडू शकते, आणि कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी ते मांडलेच पाहिजे. लोक अदालतीत तर अधिकच, कारण तिथल्या तडजोडीवर अपील नाही.

गृहिणी गेली तर "ती कुठे कमावत होती?" असा प्रश्न येतो. कीर्ती प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचेही उत्पन्न धरून भरपाई मोजायला सांगितले आहे. जखमीच्या बाबतीत दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के अंतिम नसतात. ड्रायव्हरचा पाय गेला तर त्याची रोजीच जाते, कारकुनाची बहुधा जात नाही. ही भरपाई त्या फरकाने ठरते.

पैसे मंजूर झाल्यावर कुरबुर सुरू होते ती वाटणीवरून. कुणाला किती द्यायचे हे न्यायाधिकरण निकालातच लिहिते. आधार तुटल्याची ही भरपाई म्हणजे मरहूमचा तरका नव्हे. तिची वाटणी मुख्यतः कोण किती त्यांच्यावर अवलंबून होते यावरून होते. अज्ञान मुलांचा हिस्सा सहसा बँकेत मुदत ठेवीत राहतो. आणि सून दुसरा निकाह करील म्हणून तिचे नाव दाव्यातून गाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पुनर्विवाहामुळे विधवेचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. सासू-सासऱ्यांची नावेही गाळू नयेत. म्हाताऱ्या अम्मीचा हक्क तितकाच खरा आहे.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर महिला आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, तोही इद्दतीतच, घरच्या कुणाच्या तरी हाती.