चेतक, बाबा आणि एक जाम बोल्ट

‘‘अडीच हजार देतो. तेही तुमच्याकडे बघून!’’

भंगारवाला आमच्या चेतककडे बघत हे बोलला, तेव्हा बाबा वर गॅलरीत उभे होते. एक शब्द न बोलता आत निघून गेले. आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये. महिनाअखेर बिल्डिंग रिकामी करायची आणि भाड्याच्या फ्लॅटला टू-व्हीलरचं पार्किंग एकच, तिथे माझी रोजची गाडी. तळेगावच्या मामाच्या अंगणात जागा होती, पण मामाची अट होती, ‘‘चालवत आणा, कायमची ठेवा. भंगार ठेवणार नाही.’’

मग काय, मी म्हटलं, चालवत आणते! (माझं हे असंच होतं. मास कॉमलाही अशीच गेले होते.)

ही चेतक बाबांनी १९८८ मध्ये घेतली, तीही बुकिंग करून सहा वर्षं वाट बघून. हल्ली चेतक म्हटलं की लोकांना विजेवरची आठवते. आमची मात्र जुनी, तिरकी करून किक मारायची. २०१२ मध्ये बाबांचे गुडघे गेले आणि तिच्यावर ताडपत्री पडली, ती पडलीच.

तर ताडपत्री काढली, किकवर पाय ठेवला आणि... काहीच नाही! उडी मारली, अख्ख्या बावन्न किलोंची. ढिम्म!

‘‘ए पोरी, नाचू नको तिच्यावर!’’ कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले काका ओरडले. ‘‘किकच्या गिअरचे दात गेले ना, की दोनदा खर्च.’’

काकांनी आयुष्यभर स्कूटरीच उघडल्यात. चेतकचा सिलिंडर बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि पिस्टनला रिंगा बसवलेल्या. गाडी उभी राहिली की आत दमट हवा शिरते आणि रिंगा सिलिंडरला गंजाने घट्ट धरून बसतात. गंमत अशी, की लोखंड गंजलं की नुसतं खराब होत नाही, ते फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. बोल्टच्या आट्यांमध्ये तर फट केसाएवढी. तिथे गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखं होतं. आपण दात-ओठ खाऊन पाना ओढतो, तेव्हा गंज सुटायच्या आधी लोखंडच तुटतं.

मी कौतुकाने डब्ल्यूडी-४० चा डबा घेऊन गेले होते. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ मध्ये अमेरिकेत हे बनलं, ते गंज लागू नये म्हणून. लागलेला गंज सोडवायला लोकांनी ते नंतर वापरलं. काकांनी डबा बाजूला ठेवला, प्लग काढला आणि त्या भोकातून अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं कपभर मिश्रण ओतलं.

‘‘आता?’’

‘‘आता जा घरी.’’

आठ दिवस मी रोज संध्याकाळी थोडं थोडं मिश्रण ओतत होते. आई म्हणायची, ‘‘एवढी सेवा देवाची केली असतीस तर...’’ नवव्या दिवशी काकांनी पंख्याच्या नटाला पाना लावला. ओढला नाही, नुसता दाबला. थोडा इकडे, थोडा तिकडे, परत इकडे. दहा मिनिटं हेच. आणि पंखा सरकला! किती? जेमतेम अर्धं पातं. मी अख्खी सोसायटी जमा होईल एवढी ओरडले. गॅलरीत बाबा दिसले. या वेळी खाली आले.

इथे मी थांबायला हवं होतं.

रविवारी काका गावाला गेले होते आणि माझ्या अंगात जोर आला होता. सिलिंडरचा हेड चार नटांवर बसलेला असतो. तीन नट सुटले. चौथ्यासाठी मी पान्याच्या टोकाला पाइप घातला आणि लोंबकळले. कट्! नट फिरला, पण आतला स्टड पिळून मोडला. तो आवाज मी विसरणार नाही. बाबा शेजारी खुर्चीवर होते. ‘‘मोडला?’’ एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी काकांनी कपाळाला हात लावला. जाम नट आधी अगदी किंचित टाइट करायचा, मग सोडवायचा. गंजाची पकड आधी मोडायला हवी. वरून हातोडीचे हलके ठोके द्यायचे, म्हणजे तेल खाली उतरतं. आणि पाइप? ‘‘पाइप लावला की हाताला कळत नाही, सुटतंय की तुटतंय.’’

आता तो मोडका स्टड काढायला आंच द्यावी लागणार होती. पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीवर टॉर्च चालवायचा नाही, म्हणजे इंजिनच खाली उतरवायचं. नाहीतरी इतकी वर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकची ऑइल सील वाळून कडक झालेली असतात, ती बदलायचीच होती. आणि इथे भेटला खरा व्हिलन!

चेतकचं इंजिन बॉडीला ज्यावर टांगलेलं असतं, तो एक लांब बोल्ट आरपार जातो. नट सुटला, पण बोल्ट हलेना. तो ज्या लोखंडी बुशातून जातो, त्याच्याशी गंजून एकजीव झाला होता. तेल झालं, तीन दिवस झाले. आटे पसरू नयेत म्हणून नट परत टोकावर चढवून ठोकलंही. शेवटी काका म्हणाले, ‘‘आता सोडवायचा नाही. कापायचा.’’

टाकी तर आधीच उतरवली होती. बॉडी आणि रबर बुश यांच्यामधल्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं जातं, चौकट मावत नाही. पात्याला फडकं गुंडाळून हाताने कापायचं, दोन्ही बाजूंनी. मी वीस मिनिटांत थकले. बाबा म्हणाले, ‘‘दे इकडे.’’ गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून पाट मागवला आणि पाय पसरून बसले. मग आम्ही आळीपाळीने कापत होतो. त्या दोन तासांत बाबा जेवढं बोलले, तेवढं माझ्याशी गेल्या वर्षभरात बोलले नव्हते. माझ्या जन्माच्या वेळी आईला हॉस्पिटलात याच गाडीवरून नेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. चार पाती मोडली. सव्वासहाला इंजिन खाली आलं.

स्टडचं काम त्यामानाने सरळ झालं. इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं, स्टड पोलादी. तापवल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे भोक मोठं होतं. काकांनी केसिंग तापवलं, स्टडच्या उरलेल्या टोकावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले आणि खालच्या नटाला पाना लावला. ‘कुईंऽऽ’ असा आवाज करत स्टड निघाला. मी श्वास रोखून बघत होते. केसिंगचे आटे गेले असते, तर पुढचं काम लेथवाल्याकडे.

या २९ तारखेला, सातव्या किकला चेतक सुरू झाली. धूर एवढा, की वॉचमन पाण्याची बादली घेऊन आला. ब्रेक शू अजून नीट धरत नाहीत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय आणि पीयूसीचं तर नावच काढू नका. म्हणून तळेगावला ती टेम्पोतून गेली. मामाने सुरू करून दाखवायला लावलं, मग गेट उघडलं.

त्याआधी मी आणि बाबा नाना पेठेत नवा बोल्ट आणायला गेलो होतो. बाबांनी बोल्टबरोबर ग्रीसचा डबा घेतला. अर्धा किलोचा.

‘‘बाबा, एका बोल्टला एवढं?’’

‘‘चोवीस वर्षं चालवली, त्याला एकदाही लावलं नाही गं,’’ बाबा म्हणाले आणि पैसे काढायला खिशात हात घातला.